हॉस्पिटलमधल्या विनोदी मालिका : तुम्ही कुठे हसलात, कुठे थांबलात?

अबोली

‘मॅश’ ही मालिका अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर १९७२ साली सुरू झाली. कोरियन युद्ध, फिरतं लष्करी रुग्णालय, तंबूत चाललेल्या शस्त्रक्रिया, आणि या सगळ्यात विनोद. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे वाहिनीला प्रत्येक विनोदामागे ध्वनिमुद्रित हशा हवा होता. मालिका उभी करणाऱ्या लॅरी गेलबार्टना तो मुळीच नको होता. शेवटी तडजोड झाली : हशा राहील, पण शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी नाही. त्यामुळे जेवणाच्या रांगेत, राहत्या तंबूत, कर्नलच्या कचेरीत न दिसणारे लोक खिदळतात आणि जखमी टेबलावर आला की ते गप्प होतात. डॉक्टरांची थट्टा मात्र तिथेही चालूच असते. हसायचं की नाही, हे तिथे प्रेक्षकाने स्वतः ठरवायचं.

या सगळ्या मालिकांबद्दल मला जे म्हणायचंय ते या तडजोडीत आलंय. चांगली हॉस्पिटल-कॉमेडी आजाराला हसत नाही. आजारपणात माणसाची खाट नंबर अमुक होते, केसपेपर होतो, रिपोर्ट होतो. तरीही त्यातून तो माणूस जिथे डोकं वर काढतो, तिथे ती मालिका हसते. म्हणूनच तिच्यात रडायलाही जागा उरते.

इथले बरेच जण या ना त्या बाजूने हॉस्पिटल पाहिलेले आहेत : कुणी ड्यूटीवर, कुणी खाटेवर, कुणी खाटेशेजारच्या स्टुलावर. अशी कोणती मालिका तुमच्या कामी आली? कोणता प्रसंग खरा वाटला, कोणता खटकला? मालिकेबद्दल लिहा आणि स्वतःबद्दलही. हॉस्पिटलचं किंवा रुग्णाचं नाव मात्र कुणी लिहू नका.

निशाचर

मेडिसिनचा रेसिडेंट आहे, त्यामुळे शिकाऊ डॉक्टरांवरच्या ‘स्क्रब्ज’ या अमेरिकी मालिकेवरच लिहिणार.

कॉलेजात असताना ती नुसती धमाल वाटायची. त्यातला शिकाऊ डॉक्टर जे.डी. मान तिरकी करून वर बघतो आणि त्याच्या डोक्यातलं दिवास्वप्न पडद्यावर सुरू होतं. त्याचा मित्र टर्कला आणि त्याला एकमेकांशिवाय करमत नाही. हॉस्पिटलचा सफाई कामगार पहिल्या दिवसापासून त्याच्यावर डूख धरून आहे. इंटर्नशिप लागल्यावर तीच मालिका पुन्हा लावली तेव्हा वेगळी दिसली.

पहिल्या सीझनचा चौथा भाग. सुरुवातीलाच सांगतात, इथे दाखल होणाऱ्या तिघांपैकी एक जण इथेच मरतो. मग जे.डी., टर्क आणि एलियट या तिघांना एकेक पेशंट मिळतो. आपण मनात हिशेब मांडून बसतो की यातला नेमका कोण जाणार. तिघेही जातात. अर्ध्या तासाच्या विनोदी मालिकेने, सुरू होऊन महिनाही झाला नसताना, हे करावं याचं मला अजून नवल वाटतं.

त्यात मिसेस टॅनर नावाच्या आजी आहेत. मूत्रपिंडं निकामी झालीत आणि त्यांना डायलिसिस नकोय. जे.डी. त्यांनी अजून काय काय करायला हवं याची यादीच घेऊन येतो. आजींचं त्यातलं सगळं करून झालेलं असतं. शेवटी मरणाला टेकलेली बाईच त्या पोरगेल्या डॉक्टरला धीर देते.

माझ्या वॉर्डात असे एक गृहस्थ होते. निवृत्त शिक्षक. सकाळच्या राउंडला मी त्यांची केस सांगायचो आणि ते पडल्या पडल्या मला मार्क द्यायचे. “आज सहा. फार भरभर बोलता.” “आज साडेसात. क्रिएटिनिन सांगताना आवाज पडला, तो पडू द्यायचा नाही.” (क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतायत हे सांगणारा रक्तातला आकडा.) सिनिअर डॉक्टरांनाही याची सवय झाली होती, माझं सांगून झालं की ते खाटेकडे वळून “सर, किती?” असं विचारायचे. वॉर्डातले बाकीचे पेशंट कान देऊन ऐकायचे. त्यांनीही डायलिसिस नाकारलं. तो निर्णय पुन्हा एकदा नीट बोलून घ्यायला मी संध्याकाळी गेलो, स्टूल ओढलं आणि बसलो. बोलणं झाल्यावर म्हणाले, “दहा.” मी कारण विचारलं. म्हणाले, “आज बसलात.”

‘स्क्रब्ज’च्या आठव्या सीझनमध्ये एक भाग आहे. जे.डी. आणि टर्क यांचा संध्याकाळी बाहेर जेवायला जायचा बेत असतो आणि एक पेशंट त्या रात्री जाणार हे त्यांना कळतं. त्याला भेटायला येणारं कुणी नसतं. दोघे बेत रद्द करून त्याच्याजवळ बसतात. एकत्र बिअर पितात, मरणाबद्दल उघडपणे बोलतात, आणि टर्क आपल्यालाही त्याची भीती वाटते हे कबूल करतो. त्या भागात उपचार असा काहीच नाही. बसणंच आहे. नवीन इंटर्न आले की मी त्यांना तो भाग बघायला सांगतो.

गॅसमन

भूलतज्ज्ञ. थोडा विरोधी सूर लावतो.

पडद्यावर सरळ रेषा आली की शॉक द्यायचा, हा प्रकार विनोदी आणि गंभीर, दोन्ही मालिकांत दिसतो आणि तो चूक आहे. हृदयाची विद्युत हालचाल पूर्ण थांबलेली असेल तर शॉकचा उपयोग नसतो. तिथे छाती दाबणं आणि औषधं. शॉक असतो तो हृदय विस्कळीत थरथरत असेल तेव्हा. कुणाला ही किरकोळ बाब वाटेल, पण नातेवाईक टीव्हीवरचं मनात घेऊनच आमच्यासमोर उभे असतात.

याचा अभ्यासही झालाय. १९९६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या पाहणीत ‘ईआर’, ‘शिकागो होप’ आणि ‘रेस्क्यू ९११’ या तीन कार्यक्रमांतले सीपीआर, म्हणजे हृदय थांबल्यावर छाती दाबून जीव वाचवण्याचे प्रयत्न, मोजले होते. पडद्यावर ७५ टक्के रुग्ण त्या क्षणी वाचले आणि ६७ टक्के घरी जाण्याइतके बरे झालेले दिसले. प्रत्यक्षात हॉस्पिटलमध्येच हृदय थांबलं तरी घरी परत जाणारा चार-पाचांत एखादा.

यातला एकही कार्यक्रम विनोदी नव्हता. उलट माझा अनुभव असा की मरणाबाबत विनोदी मालिका जास्त खऱ्या बोलतात. थरारक मालिकेला तासाच्या शेवटी जीव वाचवून दाखवावा लागतो, त्यावरच तिचा डोलारा उभा असतो. विनोदी मालिका माणसांच्या एकमेकांशी वागण्यावर चालते, म्हणून पेशंट गेला तरी ती कोसळत नाही. शॉकबद्दलची माझी तक्रार कायम आहे, पण नातेवाइकांनी यातलं एक काही पाहून यावं असं मला विचाराल तर मी ‘स्क्रब्ज’ म्हणेन.

जाता जाता : ती मालिका स्टुडिओतल्या सेटवर नव्हे, नॉर्थ हॉलिवूडमधल्या एका बंद पडलेल्या खऱ्या हॉस्पिटलच्या इमारतीत चित्रित झाली. ते कॉरिडॉर खरे वाटतात कारण ते खरेच होते. २०११ मध्ये ती इमारत पाडली.

ओटीवाली ताई

मी ऑपरेशन थिएटरमध्ये हत्यारं देणारी सिस्टर. आता निवृत्त.

अबोलीने ‘मॅश’चं लिहिलंय तर १९७५ मधला तिसऱ्या सीझनचा शेवटचा भाग सांगायलाच हवा. कर्नल हेन्री ब्लेक. गोंधळलेला, गळ टाकून मासे धरण्याचा नाद असलेला, सगळ्यांचा लाडका. त्याची लष्करातून सुटका होते, निरोप समारंभ होतो, हसून हसून पुरेवाट होते. मग शेवटी ऑपरेशन चालू असताना रडार नावाचा तो पोरगा मास्क न लावता आत येतो आणि निरोप वाचतो : कर्नलचं विमान पाडलं गेलं, कुणीही वाचलं नाही. शेवटचं ते पान नटांना आधी दिलेलंच नव्हतं. चित्रीकरणाच्या वेळेपर्यंत बहुतेकांना माहीत नव्हतं.

मला मात्र त्यातलं दुसरंच काही लक्षात राहिलं. निरोप ऐकल्यावर कुणी टेबल सोडत नाही. हात चालूच राहतात. हे शंभर टक्के खरं आहे. आमच्या थिएटरमध्येही एकदा ऑपरेशन ऐन मध्यावर असताना आमच्यातल्याच एका माणसाची वाईट बातमी आली. सर्जन फक्त “पुढचा टाका” म्हणाले. मी सुई दिली. त्यांचे डोळे मास्कवर वाहत होते आणि टाके एका ओळीत पडत होते. तासाभरापूर्वी हीच मंडळी गाणी म्हणत होती, एकमेकांच्या टोप्यांवरून चिडवत होती. बाहेरच्याला हे ऐकून वाटेल, यांना काही वाटतं की नाही? अहो, ते चिडवणं होतं म्हणून तर पुढचा टाका पडला.

पांथस्थ

माझ्या धाकट्या भावाला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग होता. केमोच्या दिवसांत तो लॅपटॉपवर ‘स्क्रब्ज’ लावायचा आणि मला शेजारी बसवून घ्यायचा. त्याने ती आधीच पूर्ण पाहिलेली होती, मी नव्हती.

त्यात बेन आहे, जे.डी.चा सिनिअर डॉक्टर कॉक्स याचा मेहुणा. ब्रेंडन फ्रेझरने केलेला. तो पहिल्यांदा येतो तोच हातात खिळा घुसलेला, आणि तरी सगळ्यांचे फोटो काढत, सगळ्यांना हसवत. मग त्याला ल्युकेमिया निघतो. भावाला बेन फार आवडायचा. “बघ, याच्याकडे कुणी बिचारा म्हणून बघत नाही,” असं म्हणायचा. त्याला ‘बिचारा’ नकोच होतं. भेटायला येणाऱ्यांनी चेहरा पाडला की तो त्यांना आधी एक विनोद सांगायला लावायचा, मगच बसू द्यायचा. काही काकामंडळी तर घरूनच तयारी करून यायला लागली.

तिसऱ्या सीझनमध्ये बेन परत येतो. त्या भागाच्या आधी भावाने थांबवून मला एवढंच सांगितलं, “कॅमेऱ्याकडे लक्ष ठेव.” ज्यांनी पाहिलंय त्यांना कळलं असेल. बेनच्या गळ्यात कायम कॅमेरा असतो, आणि एका क्षणानंतर तो नसतो. कॉक्स त्याच्याशी बोलत राहतो, वाद घालतो, मुलाच्या पहिल्या वाढदिवसाला निघाल्यासारखा निघतो. शेवटी जे.डी. त्याला विचारतो की आपण कुठे आहोत असं तुम्हाला वाटतंय. आणि आपल्याला दिसतं की ती बेनची अंत्ययात्रा आहे.

भाऊ आता नाही. दुःखाबद्दल मी नंतर बरंच वाचलं, पण गेलेल्या माणसाशी आपण बोलत राहतो आणि तो उत्तरंही देतो, तीही त्याच्याच विनोदी ढंगात, हे मला कुठल्याच पुस्तकापेक्षा त्या बावीस मिनिटांत जास्त खरं सापडलं. त्याने तो भाग मला मुद्दाम दाखवला होता याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अबोली

पांथस्थ, तुमच्या भावाचा तो नियम फार आवडला. विनोद सांगितल्याशिवाय बसायचं नाही. आजारी माणसाने हास्याचा ताबा स्वतःकडे घेतला की भेटायला आलेल्यांनाही श्वास घेता येतो.

मावशीबाई

वृद्धांच्या वॉर्डात नोकरी केली. मुलीने ‘गेटिंग ऑन’ दाखवली, बीबीसी फोरची, २००९ सालची. इतकी कमी रंगरंगोटी असलेली विनोदी मालिका मी पाहिली नव्हती. फिकट भिंती, हलता कॅमेरा, वाजत राहणारे फोन. जो ब्रँड यात नर्स झाली आहे आणि तिच्यासह तिघी अभिनेत्रींनी मिळून ती लिहिलेली आहे. ही जो ब्रँड विनोदाच्या धंद्यात येण्याआधी दहा वर्षं खरोखर मनोरुग्णांची नर्स होती. ते कळतंच. ज्या कंटाळ्याने ती चादर ओढते तो कंटाळा अभिनयाने येत नाही, आणि त्याच हाताने ती म्हातारीच्या कपाळावरचे केस मागे सारते तेही नाही.

पहिल्याच भागात एका खुर्चीवर घाण झालेली आहे. ती पुसायची की आधी फॉर्म भरायचा, यावर सगळं हॉस्पिटल अडतं. वरच्या बाईंना नियम हवेत, डॉक्टरीणबाईंना संशोधनासाठी तोच नमुना हवाय, आणि खुर्ची तशीच. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वॉर्डातला दिवस असाच जातो. माणूस वाईट नसतं. कागद माणसाच्या आणि खाटेच्या मधे येऊन उभा राहतो.

आमच्या वॉर्डात एक आजी होत्या, स्मृती गेलेल्या. त्यांना वाटायचं आपण आगगाडीत आहोत. रात्रीचे दिवे मंद झाले की विचारायच्या, “माझं स्टेशन आलं का?” आमच्या नाइटच्या सिस्टर सांगायच्या, “नाही आजी, अजून लांब आहे, तुम्ही झोपा, मी उठवते.” आजी निवांत झोपायच्या. एकदा शिकायला आलेल्या मुलीने त्यांना समजावलं की हे हॉस्पिटल आहे, गाडी नाही. आजी घाबरून रडायला लागल्या, आपलं सामान शोधायला लागल्या. तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाई उठून बसल्या. त्यांची शुद्ध अगदी लख्ख होती. म्हणाल्या, “अहो रडता काय, खिडकीची जागा तुम्हाला दिली ना मी?” सगळा वॉर्ड हसला. आजीही हसल्या. त्या रात्रीपासून आख्खा वॉर्ड त्या गाडीचा प्रवासी झाला. कुणी तिकीट मागायचं, कुणी पुढल्या स्टेशनाचं नाव पुकारायचं.

आम्ही आजींना हसलो का? मला नाही तसं वाटत. आम्ही त्यांच्या गाडीत चढलो. या मालिकांतही मी तेच बघते, हसणारे गाडीत आहेत की फलाटावर.

सुईदोरा

छोटासा अनुभव. मी नर्स आहे आणि ‘नर्स जॅकी’ (२००९ ते २०१५) मी अर्धवट सोडली होती. गोळ्यांच्या आहारी गेलेली नर्स दाखवली म्हणून तेव्हा नर्सेसच्या संघटनेकडूनही आक्षेप आला होता आणि मलाही तो पटला होता. पुढे पाठदुखीने मी स्वतः हैराण झाले, पेशंट उचलून उचलून कंबर गेली, तेव्हा ती पुन्हा पाहिली. ईडी फाल्कोची जॅकी उत्तम नर्स आहे, धूर्त आहे, खोटारडी आहे, आणि सतत दुखण्यात आहे. तिला ‘देवदूत’ केलेलं नाही याचं मला आता बरं वाटतं. देवदूताची पाठ दुखत नाही, त्यामुळे त्याला कुणी रजाही देत नाही. फाल्कोला यासाठी २०१० मध्ये विनोदी मालिकेतल्या सर्वोत्तम अभिनेत्रीचा एमी हा अमेरिकी टीव्ही पुरस्कार मिळाला. मालिका विनोदी म्हणावी का, यावर मात्र माझं आणि माझ्या मैत्रिणींचं आजही एकमत नाही.

दुवा

मी अवयवदानाच्या समन्वयाचं काम करते. मेंदूमृत घोषित झालेल्या माणसाच्या कुटुंबाशी बोलणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे घरी आल्यावर हॉस्पिटलची मालिका नकोच असायची. पण कोरियन ‘हॉस्पिटल प्लेलिस्ट’ सगळ्यांनी इतकी सुचवली की लावली. २०२० मध्ये पहिला सीझन आला, पुढच्या वर्षी दुसरा. वैद्यकीय महाविद्यालयापासूनचे पाच मित्र, आता चाळिशीतले नामांकित डॉक्टर, आणि सवडीने एकत्र येऊन बँड वाजवणारे.

यकृताचा सर्जन इक-जुन पहिल्या भागात येतो तो डोक्यात ‘स्टार वॉर्स’मधल्या खलनायक डार्थ व्हेडरचं शिरस्त्राण अडकलेल्या अवस्थेत. मुलाच्या खेळण्याला गोंद लागलेला, ते निघतच नाही. मी पोट धरून हसले. आणि हाच माणूस पुढे एका दात्याकडून अवयव काढायला जातो. दिवस ५ मे, तिकडचा बालदिन. दात्याला लहान मूल आहे हे त्याला कळतं. तो थिएटरमधल्या सगळ्यांना विनंती करतो की मध्यरात्र उलटेपर्यंत थोडं थांबू या. त्या मुलाला दर बालदिनी बाबांचा मृत्युदिन आठवायला नको.

मी मालिका थांबवून नवऱ्याला हाक मारली. त्याला माझं काम नीट समजावून सांगणं मला कधी जमलं नव्हतं. लोकांना वाटतं, आम्ही कागदावर सही घेतो. आमच्या कामाचा मोठा भाग अशा गोष्टींचाच असतो : त्यांची मुलगी प्रवासात आहे, ती पोचेपर्यंत थांबता येईल का? हाताचा ठसा घेऊन ठेवायचा का? त्याचं आवडतं गाणं शेवटी लावू का? एका कुटुंबाने असं गाणं सांगितलं ते इतकं उडत्या चालीचं होतं की आयसीयूतली सगळी माणसं क्षणभर एकमेकांकडे बघत राहिली. मग त्याची आई हसली. म्हणाली, “असाच होता तो.” आणि आम्ही ते मोठ्याने लावलं.

खाट नंबर अकरा

वरचे बहुतेक अनुभव हॉस्पिटलात काम करणाऱ्यांचे आहेत आणि मालिकाही तशाच आहेत. ‘मॅश’, ‘स्क्रब्ज’, २०२४ मध्ये आलेली ‘सेंट डेनिस मेडिकल’, सगळीकडे कथा डॉक्टर-नर्सची, पेशंट येतो आणि जातो. मी वारंवार दाखल होणारा माणूस. आम्ही त्या मालिकांत एका भागाचे पाहुणे असतो, हे मला खुपतं.

म्हणून ब्रिटनची ‘ओन्ली व्हेन आय लाफ’ मला प्रिय आहे. आयटीव्हीवर १९७९ ते १९८२ चालली, लेखक एरिक चॅपेल. तीन पेशंट, एकच वॉर्ड. डॉक्टर येतात आणि जातात, खाटेवरची माणसं राहतात. एकाला इथली खडान्‌खडा माहिती, दुसरा उच्चभ्रू आणि नाराज, तिसरा भाबडा, आईचा लाडका. भांडतात कशावरून, तर कुणाचा आजार मोठा. हे शंभर नंबरी खरं आहे! आमच्या वॉर्डात ऑपरेशनच्या टाक्यांची लांबी बोटांनी मोजून व्हायची. नवा माणूस आला की त्याला जुने सांगायचे, कोणत्या सिस्टरचा हात हलका, कोणत्या मामांना सांगितलं की पंखा चालू होतो, राउंडला मोठे डॉक्टर “छान” म्हणाले तर काय समजायचं आणि नुसतं “हं” म्हणाले तर काय. ही विद्या कुठल्याही डॉक्टरला माहीत नसते.

या धाग्यावरच्या डॉक्टर-नर्स मंडळींना विनंती : तुमच्या आवडत्या भागांसोबत पेशंटच्या बाजूने लिहिलेली एखादी मालिका ठाऊक असेल, कुठल्याही भाषेतली, तर इथे सांगा. पुढच्या महिन्यात मी पुन्हा भरती होतोय आणि शेजारच्या खाटेवर जो कोणी असेल त्याच्यासोबत बघायला काहीतरी हवंय.